ड्रॅगन, चॉपस्टिक आणि जाहिरातीतला चिनी तरुण

पाच मजली इमारत. अमेरिकी बास्केटबॉलपटू लेब्रॉन जेम्स तिच्यात शिरतो आणि एकेका मजल्यावरील शत्रूला हरवत वर चढू लागतो. वाटेत एक वृद्ध कुंग-फू गुरू येतो, पारंपरिक वेषातल्या, हवेत तरंगणाऱ्या मोहिनी येतात, ड्रॅगनची जोडी येते. सगळ्यांना चकवून चेंडू शेवटी जाळ्यात पडतोच. 'नायके' या क्रीडासाहित्य बनवणाऱ्या कंपनीची 'चेंबर ऑफ फिअर' नावाची ही जाहिरात २००४ च्या अखेरीस चीनमध्ये दूरचित्रवाणीवर झळकली आणि डिसेंबरच्या पहिल्याच आठवड्यात तेथील नभोवाणी, चित्रपट व दूरचित्रवाणी प्रशासनाने तिच्यावर देशभर बंदी घातली.

जाहिरातींनी देशाची प्रतिष्ठा व हितसंबंध जपावेत आणि मातृभूमीच्या संस्कृतीचा आदर राखावा, हा नियम मोडल्याचे कारण प्रशासनाने दिले. कंपनीने माफी मागितली. तरुणांनी स्वतःच्या मनातील भीतीवर मात करावी, एवढेच आपल्याला सांगायचे होते, असा खुलासाही केला. हा खुलासा अगदीच पोकळ म्हणता येणार नाही. जाहिरातीची कल्पना ब्रूस ली याच्या 'गेम ऑफ डेथ' या त्याच्या हातून अपुऱ्या राहिलेल्या चित्रपटावरून सुचलेली होती. त्यातही नायक मजल्यामागून मजला चढत प्रतिस्पर्ध्यांना लोळवतो. पण त्या चित्रपटात वर चढणारा नायक ब्रूस ली होता आणि करीम अब्दुल-जब्बार हा उंचापुरा अमेरिकी बास्केटबॉलपटू त्याच्या वाटेतला अडथळा होता. जाहिरातीत या भूमिकांची अदलाबदल झाली. चिनी तरुणाला बूट विकण्यासाठी काढलेल्या जाहिरातीत चिनी माणसाच्या वाट्याला हरण्याचे काम आले, हे जाहिरात करणाऱ्यांच्या ध्यानातच आले नाही.

गंमत अशी, की याच कंपनीने याच वर्षी चीनमध्ये नेमकी उलट्या टोकाची जाहिरातही केली होती. ऑगस्ट २००४ मध्ये अथेन्स ऑलिम्पिकमध्ये २१ वर्षांच्या लिऊ शियांगने ११० मीटर अडथळ्यांची शर्यत १२.९१ सेकंदांत जिंकून तेव्हाच्या विश्वविक्रमाशी बरोबरी केली. त्याला घेऊन केलेल्या जाहिरातीत पडद्यावर एकामागून एक प्रश्न उमटतात. आशियाई माणसाच्या स्नायूंत स्फोटक ताकद कमी असते काय? तो जगातला वेगवान धावपटू होऊ शकत नाही काय? त्याच्यात जिंकण्याची ईर्षा नसते काय? उत्तर शब्दांत दिले जात नाही, लिऊ धावतो. नियम मोडण्यासाठीच असतात, अशा आशयाच्या ओळीवर जाहिरात संपते. चिनी माणसाविषयीच्या ठोकळेबाज समजुतीवर पोसलेली जाहिरात आणि त्याच समजुतीला आव्हान देणारी जाहिरात, दोन्ही एकाच कंपनीच्या आणि एकाच वर्षातल्या. जाहिरातीतला चिनी तरुण कोठून येतो, हे समजून घ्यायचे तर ही जोडी ध्यानात ठेवणे उपयोगाचे आहे.

सिंह, ड्रॅगन आणि कायदा

जाहिरातीला वेळ अर्ध्या मिनिटाचा मिळतो. तेवढ्यात स्थळ, माणूस आणि भाव तिन्ही प्रेक्षकाच्या मनावर ठसवायचे असतात. म्हणून जाहिरातकार आधीच तयार असलेली चिन्हे उचलतात. लाल कंदील दिसला की चीन, ड्रॅगन दिसला की चीन, गोंगाचा आवाज आला की चीन. या चिन्हांचा तोटा असा, की ती बाहेरच्याला जेवढी सोपी वाटतात तेवढीच आतल्याला जड असतात.

जपानच्या 'टोयोटा' कंपनीला हा अनुभव 'नायके'च्या एक वर्ष आधीच आला होता. २००३ च्या अखेरीस 'प्राडो' या गाडीच्या चीनमधील छापील जाहिरातीत रस्त्याकडेच्या दोन दगडी सिंहांपैकी एक गाडीला पंजा उचलून सलाम करतो आणि दुसरा मान झुकवतो, असे चित्र होते. गाडीचे चिनी नाव होते 'बादाओ', म्हणजे अरेरावी, दंडेली. त्याच्या जोडीला, तुम्हाला हिचा मान ठेवावाच लागेल, अशा अर्थाची ओळ. दगडी सिंह म्हटले, की चिनी वाचकाला बीजिंगजवळचा लुगौ पूल आठवतो. ७ जुलै १९३७ रोजी याच पुलापाशी जपानी आणि चिनी सैन्याची चकमक झाली आणि पुढे आठ वर्षांचे युद्ध पेटले. त्या पुलाच्या कठड्यावर शेकडो दगडी सिंह आहेत. जपानी गाडीपुढे झुकणारा सिंह पाहून लोक संतापले. कंपनीने माफी मागितली, जाहिरात मागे घेतली आणि पुढे गाडीचे नाव बदलून 'प्राडो' या उच्चाराच्या जवळ जाणारे 'पुलादुओ' असे केले. २००४ मध्ये 'निप्पॉन पेंट'च्या जाहिरातीतही असाच प्रकार घडला. दोन खांबांना दोन ड्रॅगन वेटोळे घालून बसलेले आहेत. एका खांबाला नवा रंग दिलेला, तो इतका गुळगुळीत, की त्यावरचा ड्रॅगन घसरून खाली पडला आहे. कल्पना चतुर होती, पण चिनी परंपरेत ड्रॅगन हे सम्राटाचे आणि राष्ट्राचे चिन्ह आहे.

'मॅकडोनाल्ड्स'च्या २००५ मधील जाहिरातीत तर कोणतेही प्राचीन चिन्ह नव्हते. सवलतीची मुदत वाढवून मिळावी म्हणून दुकानदारापुढे गुडघे टेकून गयावया करणारा ग्राहक, एवढेच दृश्य. ते विनोदी वाटावे अशी अपेक्षा होती. चिनी ग्राहकांना मात्र त्यात विनोद दिसला नाही आणि जाहिरात मागे घ्यावी लागली.

या प्रत्येक वादाच्या मागे कायद्याचे पाठबळ होते. चीनचा जाहिरात कायदा १९९५ मध्ये अमलात आला. त्याची सुधारित आवृत्ती १ सप्टेंबर २०१५ पासून लागू झाली. राष्ट्राच्या प्रतिष्ठेला व हिताला बाधा आणणारा, तसेच वंश, धर्म किंवा लिंग यांवरून भेदभाव करणारा मजकूर त्यानुसार निषिद्ध आहे. 'सर्वोत्तम' यांसारखी विशेषणेही वापरता येत नाहीत. परंतु राष्ट्राची प्रतिष्ठा नेमकी कशाने दुखावते, हे कायदा सांगत नाही. ते ठरते लोकांच्या संतापाच्या प्रमाणावरून आणि त्या वेळच्या राजकीय हवेवरून. जाहिरात कंपन्यांची खरी पंचाईत येथे आहे, आणि तरुणांचीही, कारण त्यांच्या प्रतिमेचा निवाडा त्यांना न विचारताच होत असतो.

धोब्यापासून 'मॉडर्न गर्ल'पर्यंत

बाहेरच्यांनी काढलेल्या चिनी चित्राचा इतिहास जुना आहे. अमेरिकेने १८८२ मध्ये चिनी मजुरांना देशात येण्यास बंदी करणारा कायदा केला. १८८६ मध्ये तेथे एका कपडे धुण्याच्या साधनाची जाहिरात निघाली. तीत 'अंकल सॅम' लांब वेणीच्या चिनी धोब्याला लाथ मारून हाकलतो आहे आणि हातात त्या साधनाचा डबा आहे. चिनी लोकांनी चालते व्हावे, ही त्या काळची राजकीय घोषणाच जाहिरातीची ओळ म्हणून छापली होती. तो कायदा १९४३ मध्ये रद्द झाला, धोबी मात्र जाहिरातीत राहिला. १९७० च्या दशकात अमेरिकी दूरचित्रवाणीवर 'कॅलगॉन' या धुण्याच्या पावडरीची जाहिरात गाजली. कपडे इतके स्वच्छ कसे, असे विचारल्यावर चिनी धोबी गूढ हसून हे प्राचीन चिनी रहस्य असल्याचे सांगतो आणि त्याची बायको आतून पावडरीचा डबा दाखवून रहस्य फोडते. तिरस्काराची जागा थट्टेने घेतली होती. दोन्ही जाहिरातींत चिनी माणूस तरुण नाही, आधुनिक नाही आणि ग्राहक तर नाहीच.

याच्या अगदी विरुद्ध चित्र चीनमध्येच तयार होत होते. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत शांघायमध्ये सिगारेट, साबण, औषधे विकण्यासाठी कंपन्या रंगीत दिनदर्शिका वाटत. झेंग मानतुओ, हांग झीयिंग यांसारखे चित्रकार त्यासाठी काम करत. आरंभी शालीन, पुस्तक वाचणारी विद्यार्थिनी आणि पुढे अंगाबरोबर बसणारा चिपाव घातलेली, केस कापलेली, सायकल चालवणारी, गोल्फ खेळणारी तरुणी या चित्रांत दिसू लागली. ब्रिटिश-अमेरिकन टोबॅको ही परदेशी कंपनी आणि नानयांग ब्रदर्स ही चिनी कंपनी यांची स्पर्धा या दिनदर्शिकांवर चाले. ही 'मॉडर्न गर्ल' प्रत्यक्षात शांघायच्या रस्त्यांवर किती आणि चित्रांत किती, याचा हिशेब कोणी मागितला नाही. कापडगिरण्यांत बारा-बारा तास राबणाऱ्या मुलींची संख्या तिच्याहून कितीतरी अधिक होती, हे मात्र निश्चित. जाहिरातीतला तरुण हा नेहमीच थोडा स्वप्नातला असतो.

१९४९ नंतर हे चित्र पुसले गेले. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात व्यापारी जाहिरात जवळजवळ नाहीशीच झाली. भिंतीवरील तरुण आता ट्रॅक्टर चालवणारे, बंदूक घेतलेले, लाल गालांचे होते. १९७९ च्या जानेवारीत 'तिआनजिन डेली'त दंतमंजनाची जाहिरात आली आणि त्याच महिन्याच्या २८ तारखेला शांघाय दूरचित्रवाणीने एका औषधी मद्याची जाहिरात दाखवली. नवे पर्व तेथून सुरू झाले. योगायोग असा, की एकुलत्या एका अपत्याचे धोरणही त्याच सुमारास आकाराला आले. बाजार आणि त्याचा लाडका ग्राहक एकाच वेळी जन्माला आले.

'छोटे सम्राट' बाजारात

१९८० नंतर जन्मलेल्यांना चीनमध्ये 'बालिंगहौ' म्हणतात, म्हणजे ऐंशीनंतरचे. दोन आजोबा, दोन आज्या, आई-वडील आणि त्या सहांच्या मध्यभागी एकच मूल, या कुटुंबरचनेतून 'छोटा सम्राट' हा शब्द रूढ झाला. हट्टी, लाडावलेला, स्वतःपुरते पाहणारा अशी त्याची ख्याती झाली. परदेशी पत्रकारांनी ती जगभर नेली आणि जाहिरात कंपन्यांनी तिचे बाजारपेठेत रूपांतर केले. वास्तविक हे धोरण सर्वत्र सारखे नव्हते. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून अनेक प्रांतांत ग्रामीण जोडप्यांना पहिली मुलगी असल्यास दुसऱ्या अपत्याची मुभा होती. तेव्हा 'छोटा सम्राट' ही मुख्यतः शहरी प्रतिमा. ती संपूर्ण पिढीच्या कपाळावर चिकटवली गेली.

या पिढीला उद्देशून केलेली सर्वांत यशस्वी मोहीम २००३ मध्ये 'चायना मोबाईल'ने केली. 'एम-झोन' या नावाने स्वस्त संदेशांची योजना काढून तैवानचा गायक जे चाऊ याला तिचा चेहरा केले. माझ्या हद्दीत माझेच चालणार, असा तिच्या घोषवाक्याचा भाव होता. बंडखोरीचा हा आव एका सरकारी मालकीच्या कंपनीने आणला होता, हे विशेष. या बंडखोरीत रस्त्यावर उतरणे नव्हते, शाळा सोडणे नव्हते, आई-वडिलांना उलट उत्तर देणेही नव्हते. होते ते केवळ आपले आपण संदेश पाठवणे.

शांघायमध्ये अनेक वर्षे 'जेडब्ल्यूटी' या जाहिरात संस्थेची धुरा सांभाळणारे टॉम डॉक्टरॉफ यांनी 'बिलियन्स' या २००५ मधील पुस्तकात आणि नंतरच्या लेखनात असे मत मांडले, की चिनी ग्राहकाला उठून दिसायचेही असते आणि गर्दीत सामावूनही जायचे असते. त्यामुळे चारचौघांत दिसणाऱ्या वस्तूला तो अधिक किंमत मोजतो. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स येथील 'एमआयटी'तील अभ्यासिका जिंग वांग यांनी 'ब्रँड न्यू चायना' या २००८ मधील ग्रंथात पाश्चात्त्य संगीतवेड्या तरुण टोळ्यांचा साचा चिनी तरुणांना लागू पडतो का, हे तपासले आणि तो तसाच लागू पडत नसल्याचे दाखवले. दोघांचीही निरीक्षणे मोलाची आहेत. पण डॉक्टरॉफ यांच्यासारख्यांचे सूत्र एकदा हाती आले, की तेही नव्या साच्याचे काम करू लागते, हा धोका उरतोच. 'चिनी ग्राहक असाच असतो' हे वाक्य वंशद्वेष्ट्याच्या तोंडी वाईट दिसते आणि बाजारतज्ज्ञाच्या अहवालात चांगले दिसते, एवढेच.

चिनी कंपन्यांनाही आपल्या तरुणांची नाडी सापडतेच असे नाही. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये जिम्नॅस्टिक्समध्ये तीन सुवर्णपदके मिळवणाऱ्या ली निंग यांनी १९९० मध्ये स्वतःच्या नावाची क्रीडासाहित्य कंपनी काढली. २०१० मध्ये या कंपनीने बोधचिन्ह आणि घोषवाक्य बदलून 'नव्वदीनंतरचा ली निंग' अशी मोहीम चालवली. नव्वदीनंतर जन्मलेला तरुण वेगळा, फटकळ, कोणाचे न ऐकणारा असे चित्र तीत होते. ज्यांच्यासाठी हे केले ते तरुण फिरकले नाहीत आणि ज्या पस्तिशी-चाळिशीच्या निष्ठावान ग्राहकांनी कंपनी उभी केली ते दुखावले. ऑलिम्पिकनंतर साऱ्या उद्योगातच माल पडून राहिला होता, त्याची भर पडली. २०१२ मध्ये कंपनीला सुमारे १९८ कोटी युआनचा तोटा झाला. तिने पुन्हा उसळी घेतली ती २०१८ मध्ये. त्या फेब्रुवारीत न्यूयॉर्क फॅशन वीकमध्ये छातीवर 'चीन ली निंग' अशी चिनी अक्षरे मिरवणारे लाल-पिवळे कपडे तिने सादर केले आणि 'ग्वोछाओ', म्हणजे देशी फॅशनच्या लाटेवर ती स्वार झाली. स्वतःला वेगळा म्हणवणारा तरुण आठ वर्षांपूर्वी विकला गेला नव्हता, देशाचे नाव छातीवर घेतलेला मात्र विकला गेला.

तरुणींच्या बाबतीत साचा आणखी घट्ट आहे. सत्ताविशी ओलांडूनही अविवाहित राहिलेल्या सुशिक्षित स्त्रीला 'शंग न्यू', म्हणजे उरलेली स्त्री म्हणण्याची पद्धत पडली. चीनच्या शिक्षण मंत्रालयाने २००७ मध्ये नव्या शब्दांच्या यादीत त्याचा समावेश केला. २०२० च्या जनगणनेनुसार चीनमध्ये स्त्रियांपेक्षा पुरुष सुमारे ३ कोटी ४९ लाखांनी अधिक आहेत, तरी 'उरलेली' ती स्त्रीच! २०१७ च्या जुलैमध्ये 'ऑडी'ने जुन्या गाड्यांच्या जाहिरातीत भर लग्नात सासूला वधूचे नाक, कान आणि दात तपासताना दाखवले. ऑक्टोबरमध्ये 'आयकिया'च्या जाहिरातीत जेवणाच्या टेबलावर आई मुलीला दटावते, की मित्र घेऊन येणार नसशील तर मला आई म्हणू नकोस. मुलगा दारात उभा राहताच आई-वडील घर सजवू लागतात. दोन्ही कंपन्यांना माफी मागावी लागली.

याच्या आदल्या वर्षी, एप्रिल २०१६ मध्ये, 'एसके-टू' या सौंदर्यप्रसाधनाच्या जाहिरातीने हीच जखम वेगळ्या रीतीने हाताळली होती. शांघायच्या पीपल्स पार्कमध्ये आई-वडील मुलामुलींचे वय, उंची, पगार, घर यांची माहिती कागदावर लिहून छत्र्यांवर लावतात आणि स्थळे शोधतात. जाहिरातीत त्याच बाजारात अविवाहित मुलींची छायाचित्रे आणि त्यांनी आई-वडिलांना लिहिलेले शब्द लावण्यात आले. आई-वडील ते वाचतात आणि रडतात. हीही शेवटी क्रीम विकणारी जाहिरात आहे आणि ती एका स्वीडिश संस्थेने केली आहे. तरीही तीत मुली स्वतः बोलतात. वरच्या दोन जाहिरातींत मुलगी बोलतच नाही.

चॉपस्टिकने पिझ्झा

या साऱ्या वादांचा कळस २०१८ मध्ये झाला. 'डोल्चे अँड गबाना' या इटालियन फॅशन कंपनीने २१ नोव्हेंबरला शांघायमध्ये भव्य कार्यक्रम योजला होता. त्याच्या प्रसिद्धीसाठी तिने तीन चित्रफिती प्रसिद्ध केल्या. लाल झगमगीत पोशाखातली चिनी तरुणी, मागे कंदील, पुढे अगडबंब पिझ्झा, स्पॅगेटी आणि कानोली ही मिठाई. हे सारे चॉपस्टिकने खाण्याचा प्रयत्न करताना ती गोंधळते आणि खिदळते. पडद्यामागून एक पुरुषी आवाज तिला कसे खायचे ते शिकवतो. कानोलीच्या वेळी तर तो आवाज द्व्यर्थी विनोदही करतो.

चीनमधील शहरी तरुण पिझ्झा खात मोठा झाला आहे. 'पिझ्झा हट' बीजिंगमध्ये १९९० मध्येच आले. ज्या ग्राहकाच्या खिशाकडे पाहून कार्यक्रम आखला, त्यालाच जेवण कसे खायचे ते माहीत नाही असे दाखवणे, हे उद्धटपणाहून अधिक अडाणीपणाचे होते. 'वेईबो' या चिनी संकेतस्थळावरून चित्रफिती लगेच काढल्या गेल्या. परंतु तोपर्यंत कंपनीचे सहसंस्थापक स्टेफानो गबाना यांच्या 'इन्स्टाग्राम' खात्यावरून गेलेले, चीनविषयी शिवराळ शब्द असलेले संदेश बाहेर आले. खाते कोणीतरी बळकावले होते, असे कंपनीने सांगितले. कोणाचा विश्वास बसला नाही. झांग झियी, ली बिंगबिंग यांसारख्या अभिनेत्रींनी पाठ फिरवली, कार्यक्रम त्याच दिवशी रद्द झाला, 'टीमॉल', 'जेडी' यांसारख्या ऑनलाइन दुकानांतून माल गायब झाला. २३ नोव्हेंबरला दोन्ही संस्थापकांनी कॅमेऱ्यासमोर बसून माफी मागितली आणि शेवटी चिनी भाषेत 'दुईबूची' म्हटले.

इथवरची हकिकत जगभर छापली गेली. त्या चित्रफितींतील मॉडेलचे काय झाले, याकडे फारसे कोणी पाहिले नाही. तिने जानेवारी २०१९ मध्ये स्वतःची बाजू मांडून माफी मागितली. चित्रीकरणाच्या वेळी आपल्यालाही ते अवघड वाटत होते, हावभाव दिग्दर्शकाच्या सूचनेनुसार केले आणि या प्रकरणाने आपली कारकीर्द जवळपास संपवली, असे तिचे म्हणणे होते. परदेशी दिग्दर्शकाने तिला भोळी चिनी मुलगी केले आणि देशबांधवांनी तिला देशद्रोही ठरवले.

डोळ्यांचा आकार

हाच धागा पुढे चेहऱ्यापर्यंत गेला. फेब्रुवारी २०१९ मध्ये 'झारा'च्या जाहिरातीत चिनी मॉडेलच्या चेहऱ्यावरील वांगाचे ठिपके तसेच ठेवले, म्हणून चीनला कुरूप दाखवल्याचा आरोप झाला. ते ठिपके खरेच तिच्या चेहऱ्यावर आहेत, याला महत्त्व उरले नाही. डिसेंबर २०२१ मध्ये 'थ्री स्क्विरल्स' या चिनी खाद्यपदार्थ कंपनीच्या दोन वर्षे जुन्या जाहिरातीवरून वाद उसळला. तीतील चिनी मॉडेलचे डोळे बारीक होते. बारीक, तिरपे डोळे हे पाश्चात्त्यांनी काढलेल्या चिनी व्यंगचित्राचे लक्षण असल्यामुळे देशी कंपनीने तेच दाखवावे हा अपमान आहे, असे म्हटले गेले. कंपनीने माफी मागितली. त्या मॉडेलने मात्र विचारले, की डोळे लहान आहेत म्हणून मी चिनी नाही काय?

प्रश्न बिनतोड होता. चीनच्या जाहिरातींत वर्षानुवर्षे मोठे डोळे, उंच नाक, गोरी कातडी यांचा बोलबाला आहे. परदेशी साच्याचा निषेध करताना खऱ्या चेहऱ्यांचीच हकालपट्टी होऊ लागली. ऑगस्ट २०२५ मधील 'स्वॉच'चे प्रकरण वेगळ्या जातीचे होते. घड्याळाच्या त्या जाहिरातीत मॉडेलने स्वतःच्या बोटांनी डोळ्यांचे कोपरे ताणून धरले होते. शाळेच्या मैदानावर आशियाई मुलांना चिडवण्यासाठी केला जाणारा हा हावभाव आहे, त्याला दुसरा अर्थ नाही. कंपनीने जाहिरात मागे घेऊन माफी मागितली. एक चेहऱ्याची नक्कल आणि दुसरा चेहरा, हा फरक मात्र संतापाच्या लाटेत टिकत नाही.

साचे बनवण्याचा मक्ता केवळ गोऱ्यांकडे आहे, असेही नाही. मे २०१६ मध्ये 'चियाओबी' या चिनी धुलाई-उत्पादनाच्या जाहिरातीत चिनी तरुणी एका कृष्णवर्णीय तरुणाला धुण्याच्या यंत्रात कोंबते आणि आतून गोरागोमटा चिनी तरुण बाहेर येतो. लोक उगाच हळवे होत आहेत, असा कंपनीचा पहिला पवित्रा होता. माफी नंतर आली. चिनी भाषेत 'काळा माणूस' असेच नाव असलेली 'डार्ली' टूथपेस्ट तर ते नाव २०२२ पर्यंत वागवत होती. आणि आपल्याकडे? मुंबई-पुण्याच्या कोपऱ्यावरच्या चायनीजच्या गाडीवर लाल रंग, ड्रॅगन आणि कुंचल्याच्या फटकाऱ्यांसारखी अक्षरे असतातच. २०१४ मध्ये 'चिंग्ज सिक्रेट'च्या जाहिरातीत रणवीर सिंग 'रणवीर चिंग' झाला तेव्हा त्याची कोणाला खंत वाटली नाही. उलट 'विवो' आणि 'ओप्पो' या चिनी फोन कंपन्या २०१६-१७ पासून आयपीएल आणि भारतीय संघाच्या जर्सीवर झळकल्या, तेव्हा त्यांच्या इथल्या जाहिरातींत भारतीय चित्रतारे होते, चिनी तरुण नव्हता.

न दिसणारे तरुण

३ मे २०२० च्या संध्याकाळी, चीनच्या युवक दिनाच्या पूर्वसंध्येला, 'बिलिबिली' या चित्रफितींच्या संकेतस्थळाची 'हौ लांग' नावाची जाहिरात सरकारी दूरचित्रवाणीवर मुख्य बातम्यांच्या आधी दाखवली गेली. यांगत्से नदीची मागून येणारी लाट पुढच्या लाटेला रेटते, या जुन्या म्हणीवरून हे नाव आलेले. पन्नाशी ओलांडलेला अभिनेता हे बिंग तरुणांना उद्देशून भावपूर्ण भाषण करतो. तुमच्याकडे निवडीचे स्वातंत्र्य आहे, तुमचा हेवा वाटतो, असा त्याचा सूर. पडद्यावर विमानातून उड्या मारणारे, समुद्राच्या तळाशी पोहणारे, देशोदेशी भटकणारे तरुण.

जाहिरातीत परदेशी हात नव्हता, ड्रॅगन नव्हता, कोणाचा अपमान नव्हता. ज्येष्ठांनी ती एकमेकांना कौतुकाने पाठवली. तरुणांपैकी अनेकांनी विचारले, की हे कोण लोक आहेत? त्या वर्षी सुमारे ८७ लाख ४० हजार पदवीधर साथरोगाच्या सावटात नोकरीच्या बाजारात उतरत होते. चीनमध्ये आपले गाव सोडून किंवा शेती सोडून मजुरीवर जगणाऱ्यांची संख्या २९ कोटींच्या आसपास, त्यातले असंख्य तरुण. त्यांच्यापैकी कोणी त्या चित्रफितीत नव्हते. महिनाभरात 'क्वाइशौ' या प्रतिस्पर्धी संकेतस्थळाने साध्या माणसांचे चेहरे असलेली चित्रफीत काढली आणि ती 'हौ लांग'चे उत्तर मानली गेली. निमशहरी तरुण हाच आपला ग्राहक, हे ओळखून केलेली तीही एक जाहिरातच होती.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये 'रेनवू' या चिनी मासिकाने घरपोच जेवण पोहोचवणाऱ्या तरुणांवर दीर्घ लेख छापला. संगणकीय प्रणाली दर खेपेला वेळ कमी करत जाते आणि तो गाठण्यासाठी ही मुले सिग्नल तोडतात, अपघातात सापडतात, हे त्यात तपशिलाने मांडले होते. दुसऱ्याच दिवशी अशा एका मोठ्या कंपनीने जाहीर केले, की ग्राहकांसाठी 'मी आणखी पाच मिनिटे थांबायला तयार आहे' असे बटण देण्यात येईल. प्रणाली बदलण्याचे सोडून चांगुलपणाची जबाबदारी गिऱ्हाइकावर ढकलली, अशी टीका तिच्यावर झाली.

२०२१ पासून 'थांग फिंग', म्हणजे आडवे पडून राहणे, हा शब्द तरुणांच्या तोंडी आला. धावपळीतून अंग काढून घ्यावे, कमीत भागवावे, असा त्याचा अर्थ. सरकारी वृत्तपत्रांनी त्यावर कोरडे ओढले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये प्रसारण नियामकाने 'बायकी' दिसणाऱ्या पुरुषांना पडद्यावर थारा देऊ नये, असा आदेश काढला. तोवर मेकअप केलेले, नाजूक चेहऱ्याचे तरुण नट सौंदर्यप्रसाधनांच्या जाहिरातींचे हुकमी चेहरे होते. जून २०२३ मध्ये शहरांतील १६ ते २४ वयोगटातील बेरोजगारीचा दर २१.३ टक्क्यांवर गेला. ऑगस्टमध्ये सांख्यिकी विभागाने हे आकडे प्रसिद्ध करणेच थांबवले. जानेवारी २०२४ मध्ये, शिकत असलेल्या तरुणांना वगळून काढलेला नवा दर जाहीर झाला. डिसेंबर २०२३ साठी तो १४.९ टक्के होता.